बटईच्या गिन्न्या

आमच्या घरच्या गिन्न्या, म्हणजे गिनी कोंबड्या, आमच्या घरी झोपत नाहीत. दिवसभर त्या आमच्याच परसात असतात. भेंडीच्या वाफ्यात धूळ उडवत लोळतात, टोळ धरतात, कुंपणावर प्लॅस्टिकची पिशवी हलली तरी गाव गोळा होईल असा आरडाओरडा करतात. पण ऊन कलायला लागलं की कुणी शिटी मारल्यासारख्या एकामागं एक उभ्या राहतात आणि रांगेनं डांबरी रस्ता ओलांडून समोरच्या मावशीच्या चिंचेवर जाऊन बसतात.

मावशी माझी नात्यातली नाही. माझ्या मायची ती लग्नानंतरची पहिली मैत्रीण. आमचं गाव कुरखेड्याच्या पुढं, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्या मधल्या पट्टीत. रस्त्याच्या अलीकडं आमची बौद्ध वस्ती, पलीकडं बाकीचं गाव. मावशीचं घर पलीकडचं पहिलं. या पाखरांपायी दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. आणि त्यांनी बोलावं म्हणून मी जे जे केलं, त्यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही.

गिन्न्या आणल्या मीच. आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली, तीही प्राणिशास्त्र घेऊन, आणि हे सांगायला मी कुठंही लाजत नाही. एटापल्लीला शाळेवर नोकरी लागली तेव्हा माय घरी एकटी राहणार होती. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. घरामागं धानाची बांधी असल्यानं पावसाळ्यात चुलीपर्यंत साप यायचा. गिनी कोंबडी साप दिसला की त्याला घेरून ओरडते, हे मी वाचलं होतं आणि खरंही आहे. म्हणून वडशाच्या बाजारातून एक जोडी घेतली. करड्या अंगावर पांढरे ठिपके, निळसर टक्कल, आणि डोक्यावर हाडाचं शिंग, शिरस्त्राण घातल्यासारखं.

माय बघत राहिली. "हे काय आनलं वो? कोंबडी हाय का गिधाड?"

"आफ्रिकेतलं पाखरू आहे माय."

"बाप्पा! एवढ्या दुरून आली, अन् माहीच आठवन झाली का तिले?"

विकणाऱ्यानं बजावलं होतं की महिनाभर खुराड्याबाहेर काढू नका, नाहीतर जातील त्या दिशेनं. मायनं ते पाळलं. त्यामुळं ती पहिली जोडी आमची झाली. ही गोष्ट तेव्हाच नीट डोक्यात बसायला हवी होती, माझ्याही आणि मायच्याही. पाखरू आपलं कुणाला म्हणतं, हे त्याला कुणी विकत घेतलं यावर ठरत नाही.

पहिल्या पावसाळ्यात मादीनं कुंपणाच्या रायमुनियाच्या झुडपात खड्डा केला आणि गुपचूप अंडी घातली. गिनीचं अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, एका टोकाला निमुळतं, आणि कवच असं टणक की हातातून पडलं तरी लगेच फुटत नाही. पिल्लं निघाली ती खारीसारखी पट्ट्यापट्ट्यांची, लाल पायांची. मायचा आनंद चार दिवस टिकला. मादी पहाटेच पिल्लांना घेऊन बांधावर जायची. बांधावरचं गवत दवानं थबथबलेलं. पोटापर्यंत भिजलेलं पिल्लू मागं पडायचं, चिवचिवायचं, आणि मादी पुढं चालतच राहायची. रोज संध्याकाळी रांग आखूड. शेवटी नुसती जोडी परत आली.

"आफ्रिकेत काय असेच मारते का लेकरं?" मायनं मला फोनवर विचारलं. मीच मारल्यासारखा आवाज होता.

मी सांगितलं की हे कोरड्या मुलखातलं पाखरू आहे. तिकडं पावसात गवत उगवतं, किडे होतात, तेव्हाच ही अंडी घालतात. पण तिथला पाऊस म्हणजे आपल्या झाडीतला पाऊस नव्हे. तिकडं थवाच्या थवा एकत्र फिरतो. पिल्लं लहान असताना नरसुद्धा त्यांना पंखाखाली घेतो. बाजारातून आणलेल्या, मशीनमध्ये निघालेल्या जोडीनं ना आई पाहिली ना बाप. ती कुठून शिकणार?

माय म्हणाली, "मंग त्यायले आपल्या इथली माय पायजे."

ही कल्पना तिची. आमच्याकडं बकरी बटईनं देतात. बकरी एकाची, चारणारा दुसरा, आणि होतील ती पिल्लं अर्धी-अर्धी. मायच्या कोंबड्या त्या वर्षी मर येऊन गेल्या होत्या. मावशीची एक लाल कोंबडी मात्र खुडूक होऊन रिकाम्या टोपल्यातच ठाण मांडून बसली होती. मी सुटीला आले होते, हे बोलणं माझ्यासमोरच झालं.

"बाई, तुही कोंबडी खुडूक झाली म्हंतेत."

"तिनं तं घर डोक्यावर घेतलं वो. पान्यात बुडवून काढली तरी उठत नाई."

"मंग माह्या गिन्नीचे अंडे ठेव ना तिच्याखाली. बटईनं."

"बटईनं? शेऱ्या हायेत का वो त्या?"

"शेरी काय अन् पाखरू काय. कोंबडी तुही, अंडे माहे. अर्धे तुहे, अर्धे माहे."

"अन् नाईच निंगले तं?"

"तं अर्धा इस्कोट तुहा, अर्धा माहा."

दोघी एवढ्या हसल्या की कोंबडी टोपल्यातून गुरगुरली.

कोंबडीच्या अंड्याहून गिनीच्या अंड्याला आठवडाभर जास्त ऊब लागते. लाल कोंबडीला हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती बसून राहिली. मावशी तिच्या तोंडाशी तांदळाची कनकी आणि पाणी नेऊन ठेवायची. पिल्लं निघाल्यावर कोंबडीनं त्यांना दव वाळेपर्यंत अंगणाबाहेर जाऊ दिलं नाही, पाऊस आला की गोठ्यात पंखाखाली घेतलं. बहुतेक सगळी जगली. मग एक दिवस, अजून अंगावर धड पिसंही नव्हती, तर ती भुर्रकन उडून चिंचेच्या खालच्या फांदीवर जाऊन बसली. कोंबडी खाली उभी राहून ओरडत होती. मावशी सांगायची, "माही कोंबडी येडी व्हायची राह्यली वो! तिच्या खानदानात कोनी झाडावर नाई झोपलं."

धान कापणीच्या सुमारास वाटणी झाली. मावशीनं स्वतः निवडून चांगली धष्टपुष्ट पाखरं मायच्या टोपल्यात घातली, वर चापून साडीचा तुकडा बांधून दिला. मायनं ती आपल्या खुराड्यात कोंडली, अगदी पहिल्या जोडीसारखी. महिनाभरानं दार उघडलं. दिवसभर ती परसात चरली. संध्याकाळी उठली, रस्ता ओलांडला आणि चिंचेवर गेली. आठ दिवसांत मायची जुनी जोडीही त्यांच्या मागं जायला लागली.

सुरुवातीला गंमत होती. माय टोपलं घेऊन रस्ता ओलांडायची, मावशी काठीनं हुसकवायची, दोघींची धावपळ बघायला पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहायची. कुणी म्हणायचं, "बाई, त्यायचं आधार कार्ड तिकडचं हाय, बदलून घ्या." कुणी म्हणायचं, "सुना हायेत का त्या, रोज माहेरी जातेत?" रोज रोज अशी थट्टा झाली की ती अंगाला टोचायला लागते. त्यात पाखरं अंडी घालायला लागली ती मावशीच्या गोठ्यामागं. अनेक माद्या एकाच खड्ड्यात घालतात, त्यामुळं कोणतं अंडं कुणाचं, ते देवालाही सांगता आलं नसतं.

भांडण झालं तेव्हा मी एटापल्लीत होते. दोघींनी मला ते वेगवेगळं सांगितलं, पण शब्द दोघींचे सारखेच होते. मावशी सुपात लाखोरीची डाळ पाखडत बसली होती. माय टोपलं घेऊन गेली.

"तू सांजच्याले दाने टाकते म्हनून येतेत ते," माय म्हणाली.

"माह्या वाट्याचे खातेत, त्यायच्यासंगं तुह्या वाट्याचे खातेत. अंगावर नाव लिवलं हाय का?"

"मंग हाकल ना."

"हाकलून हाकलून हात दुखले. आता पाखरालेही समजते वो, कोनत्या घरी राहावं अन् कोनत्या नाई."

माय टोपलं तिथंच टाकून परत आली.

ज्याला आमचा तो रस्ता माहीत नाही, त्याला यात काय विशेष वाटणार? दोन बाया कोंबड्यांवरून भांडल्या. पण माझ्या आजीला त्याच रस्त्यापलीकडं ओंजळीत वरून पाणी ओतून द्यायचे. मायनं ते लहानपणी नाही, लग्न होऊन या गावात आल्यावर सासूच्या शेजारी उभं राहून पाहिलं. आणि त्याच रस्त्यापलीकडून मावशी, नवी नवरी, सगळ्यांच्या देखत आमच्या ओट्यावर येऊन बसली होती आणि बशीत चहा ओतून प्याली होती. तिच्या सासूनं तिला दोन दिवस चुलीजवळ येऊ दिलं नाही म्हणतात. म्हणून तर मैत्री झाली. म्हणून तर ते वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मायनं तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं. मावशीला तिनं उत्तर दिलं नाही.

मी उन्हाळ्याच्या सुटीत आले ते पुस्तक घेऊनच. मायला समजावलं की थवा रात्रीला ठरलेल्या झाडांवरच उतरतो. पिल्लू ज्या अंगणात वाढतं, ज्या झाडावर पहिल्यांदा झोपतं, तेच त्याचं घर. त्याला खाऊ घातलं म्हणून नाही, कोंडलं म्हणूनही नाही. ज्या दिवशी अंडी मावशीच्या कोंबडीखाली गेली, त्याच दिवशी पाखरं तिकडची झाली. बकरीला दावं लावता येतं म्हणून बकरीची बटई चालते. यात कुणाचा दोष नाही.

माय तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, "पाखराचं समजलं मले. मी पाखराले काई म्हटलं का?"

मग मी रस्ता ओलांडून मावशीकडं गेले. तिनं मला बसवलं, चहा दिला आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "मी पाखराचंच बोलली वो पोरी. दान्याचं बोलली. तिनं माह्या तोंडात दुसरं कसं काय घातलं? एवढ्या वर्साची मी तिले अशीच दिसली का?"

"मग तसं जाऊन सांगा ना मावशी."

"मी काऊन जाऊ? तिनं यावं अन् पुसावं."

घरी येऊन मायला सांगितलं. माय म्हणाली, "तिले सांगायचं असन तं रस्ता दोन्हीकडून सारखाच हाय."

दोघींचंही बरोबर होतं. याचाच मला आजवर राग येतो. एक जरी चुकीची असती तर दुसरीच्या पाया पडून मिटवता आलं असतं.

दोन मोहाचे हंगाम गेले. पूर्वी दोघी झुंजुरकाच सोबत निघायच्या. एकीनं वाकून फुलं वेचायची, दुसरीनं उभं राहून जंगलाकडं बघायचं. आमच्या भागात आता मोहाखाली एकटं वाकून बसणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. फॉरेस्टवाले दवंडी देतात, एकट्यानं जाऊ नका. माय एकटी जाऊ शकत नव्हती आणि दुसऱ्या कुणासोबत गेली नाही. मावशीचंही तसंच. दोघींची झाडं शेजारी-शेजारी. दोन्ही झाडांखाली फुलांचा सडा पडायचा, उन्हात काळा व्हायचा, रानडुकरं खाऊन जायची. सुटीत मी मायला म्हटलं, "चल, मी उभी राहते, तू वेच." ती म्हणाली, "तुले वाघ दिसला तं तू पयले त्याचं शास्त्रीय नाव सांगशीन." हसली, पण आली नाही.

यंदाच्या मे महिन्यात मावशी पडली. गुडघे आधीच गेलेले, घरात दुसरं कुणी नाही. तिची मुलगी भामरागडला दिली आहे, ती न्यायला आली. पावसाळा लागला की तिकडचे रस्ते बंद होतात, म्हणून घाईनं. मी तेव्हा घरीच होते, ओट्यावर. सकाळी मावशीच्या दारात ऑटो येऊन उभा राहिला आणि गिन्न्यांनी एकच कल्लोळ केला. माय परसातून खराटा घेऊन पुढं आली आणि अंगण झाडायला लागली. ते अंगण तिनं पहाटेच झाडलं होतं.

घराला कुलूप लागलं. मुलीनं मावशीला धरून ऑटोत बसवलं. ऑटो वळला आणि आमच्या कुंपणाशी येऊन थांबला. कुणी थांबवला ते मला दिसलं नाही. मावशीचा हात मात्र दिसला, बाहेर लोखंडी दांडी धरलेला. माय खाली मान घालून झाडत होती. खराट्याचा आवाज थांबला होता, हात तसाच हलत होता. मी म्हटलं, "माय." तिनं वर पाहिलं तेव्हा ऑटो सुरू झाला होता.

तेवढाच वेळ होता. त्यानंतर तशी वेळ आली नाही.

त्या संध्याकाळी गिन्न्या नेहमीसारख्या चिंचेवर गेल्या. त्यांना कुलूप काय समजतं? पण अंगणात दाणे टाकणारं कुणी नव्हतं, पाण्याचं घमेलं उलटं पडलेलं. दोन-तीन दिवस मायनं आमच्या बाजूनं आवाज दिला, तांदूळ वाजवून दाखवला. दिवसा आल्या, खाल्लं, संध्याकाळी तिकडं. मावशीच्या अंगणात गवत चढायला लागलं आणि गवतात मुंगूस. एका सकाळी चिंचेखाली नुसती ठिपक्यांची पिसं पडलेली दिसली. मग माय खराटा घेऊन निघाली. रस्त्याच्या मधोमध क्षणभर थांबली. दोन वर्षांनी ती त्या अंगणात गेली, तेव्हा तिला "ये बाई" म्हणायला घरात कुणी नव्हतं.

ती रोज जायला लागली. अंगण झाडायचं, सडा टाकायचा, पाणी भरून ठेवायचं. मी शाळेत परत गेले. पाऊस लागला, भामरागडकडचा पूर आला, नेटवर्क गेलं. मायनं मावशीचं नाव घेतलं नाही, पण दर फोनला विचारायची, "तिकडं पानी उतरलं का?" मी एटापल्लीत, जणू भामरागडचं पाणी माझ्या खिडकीतून दिसतं.

मावशीच्या मुलीचा नंबर मी आमच्या शाळेतल्या तिकडच्या एका शिक्षकाकडून मिळवला. एका संध्याकाळी लागला. मी दोघींना एका लाइनवर घेतलं आणि गप्प बसले. मग मायच्या मागून गिन्न्यांचा गोंगाट आला.

"कोन ओरडून राह्यलं वो?" मावशी म्हणाली.

"तुह्या चिंचेवरचे."

"तू कुठी हायेस?"

"तुह्या अंगनात."

"त्यायले पानी देतं का?"

"तं काय ताहानेले मारू?"

"खुडूक बसली का एखादी?"

"माही नवी काळी कोंबडी बसाले पाहून राह्यली." मग मायचा आवाज खाली आला. "बाई, त्या दिवशी ऑटो..."

लाइन तुटली. पुन्हा लावला, लागला नाही. नंतर मुलीनं मला एकटीला सांगितलं की आईला आता काठीशिवाय चालता येत नाही. तिला गावी एकटीला ठेवणार नाही, पुढच्या उन्हाळ्यात घराचंही काही तरी बघू. मी हे मायला सांगितलं. "हाव" एवढंच म्हणाली.

पाऊस उघडल्यावर सुटी काढून घरी आले. माय घरात नव्हती. मावशीच्या गोठ्यात सापडली, टोपल्यापुढं उकिडवी बसलेली. टोपल्यात मायची काळी कोंबडी, पंख पसरून. तिच्या पोटाखालून एक लाल पाय बाहेर आलेला, पट्टेरी डोकं आत-बाहेर करत होतं.

"माय, ही तुझी कोंबडी. अंडी तू गोळा केली. मग आपल्या घरी का नाही बसवली? आपल्या खुराड्यात बसवली असती तर पिल्लं आपली झाली असती. मी तुला एवढं समजावून सांगितलं होतं."

मायनं कनकीचा हात कोंबडीपुढं धरला. कोंबडीनं दोनदा टोच मारली.

"समजलं होतं मले. म्हनूनच तं इथी बसवली." पिल्लाचा पाय तिनं बोटानं अलगद पंखाखाली लोटला. "आपले झाले असते, तं मंग तिचं इथी काय राह्यलं असतं?"